शाकुंतलातला श्लोक नटाच्या तोंडी येताना

संस्कृत नाटक बसवायला घेतले की पहिल्या वाचनात एक गोष्ट हमखास घडते. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या चौथ्या अंकात, शकुंतलेच्या पाठवणीच्या दिवशी, कण्व मुनी 'यास्यत्यद्य शकुन्तलेति' हा श्लोक म्हणतात, आणि कण्वांची भूमिका मिळालेला विद्यार्थी, तो कोणत्याही गावचा असो, हा श्लोक मंगलाष्टकांच्या चालीत म्हणू लागतो. त्याला दोष देता येत नाही. श्लोकाचे वृत्त शार्दूलविक्रीडित आहे, आपली मंगलाष्टकेही त्याच वृत्तात आहेत, आणि लहानपणापासून प्रत्येक लग्नमांडवात कानावर पडलेली ती चाल त्या वृत्ताला इतकी चिकटलेली आहे की एकोणीस अक्षरांचा तो साचा दिसला की गळा आपोआप त्या वाटेने जातो. परंतु मुलगी सासरी निघाल्यामुळे ज्याचा कंठ दाटून आला आहे असा म्हातारा तपस्वी तिथे बोलतो आहे, आणि आपल्या कानावर मात्र अक्षता पडण्याच्या क्षणाची चाल येते. ही चाल मोडली की विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातो. वृत्त पूर्णपणे विसरून, एखादे साधे गद्य वाक्य म्हणावे तसा तो श्लोक बोलून टाकतो, आणि मग कालिदासाने हे पद्यात का लिहिले असावे असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संस्कृत नाटकासाठी तयार करताना माझा बहुतेक वेळ या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात जातो. ती जागा नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने गीत आणि पाठ्य (न गाता म्हणायचा भाग) वेगवेगळे ठेवले आहे आणि पाठ्याचे गुण सांगण्यासाठी काकुस्वरव्यंजन हा स्वतंत्र अध्याय दिला आहे. महाराष्ट्रात मात्र आपल्या कानांची घडण वेगळ्या रीतीने झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला, आणि तेव्हापासून मराठी प्रेक्षकांच्या मनात कालिदासाचा श्लोक साकी, दिंडी आणि रागदारीतल्या पदांच्या रूपाने स्थिरावला. ती परंपरा थोर आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण मूळ संस्कृत संहिता घेऊन उभ्या राहणाऱ्या नटाला ती पुरेशी पडत नाही, कारण गायक नटाला सूर आधार देतो आणि पाठ्य बोलणाऱ्या नटाला आधार दुसरीकडून घ्यावा लागतो.

तो आधार पायांतून येतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. वृत्त शरीरात, विशेषतः पायांत, पक्के बसले की आवाज वृत्ताच्या ओझ्यातून मोकळा होतो आणि अर्थाच्या मागे जाऊ शकतो. म्हणून मी आवाजाचा आणि हालचालींचा वर्ग वेगवेगळा घेत नाही. आवाजाच्या तासाला सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले आहेत आणि हालचालींच्या तासाला कुणी तोंड उघडत नाही, अशी विभागणी अनेक शिबिरांत पाहायला मिळते. गद्य नाटकासाठी ती चालत असेल. श्लोकाच्या नाटकासाठी ती घातक ठरते.

आरंभी आम्ही शब्द बाजूला ठेवतो आणि फक्त लघु-गुरू चालतो. गुरूला पूर्ण तळवा टेकायचा आणि त्यावर दोन मात्रा थांबायचे, लघूला फक्त चवडा टेकवून एका मात्रेत पुढे जायचे. सुरुवात मंदाक्रांतेने करणे सोपे पडते, कारण तिच्या पहिल्या चार अक्षरांत चार गुरू आहेत, त्यानंतर पाच लघू एका ओळीत येतात, आणि पावलांना संथ चाल व धावती चाल यांतला फरक लगेच कळतो. शार्दूलविक्रीडित त्याहून अवघड आहे. त्याच्या एका चरणात तीस मात्रा आहेत, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे वृत्तातली ठरलेली थांबण्याची जागा, आहे, आणि यतीच्या आधी अठरा व नंतर बारा मात्रा पडतात. पहिला भाग लांबून चालत यावे तसा येतो. दुसऱ्या भागात पाच गुरू असल्यामुळे पाऊल जड होते. हे सगळे विद्यार्थ्यांना फळ्यावर गण मांडून दाखवले तर ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. तेच शहाबादी फरशीवर अनवाणी चालून पाहिले की चार-दोन दिवसांत अंगात उतरते, आणि मग 'यमाताराजभानसलगम्' हे गणांचे सूत्र न आठवताही कुठे चुकले ते त्यांना स्वतःला समजते.

पायांचा आणखी एक मोठा उपयोग आहे. मराठी जिभेच्या सवयी ते उघड्या पाडतात. आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळतो, त्यामुळे 'मम' हा शब्द 'मम्' असा बाहेर येतो, एक लघू नाहीसा होतो आणि चालणाऱ्याचे पाऊल हवेत अडकते. शेवटचे इकार-उकार आपण दीर्घ करतो, त्यामुळे 'इति' चे 'इती' होते आणि चवडा टेकायच्या जागी तळवा पडतो. ऋकार आपण 'रु' असा उच्चारतो, आणि याचा परिणाम तर फार सूक्ष्म आहे: 'शकुन्तलेति हृदयं' मधला 'ति' लघू आहे, पण 'हृदयं'चे 'ह्रुदयं' झाले की पुढे जोडाक्षर आल्यामुळे तो 'ति' गुरू होऊन बसतो आणि अख्खा चरण लंगडतो. उच्चारांची ही शिस्त नुसती कानाने लावायला गेले तर विद्यार्थ्याला ती पंडितांची कटकट वाटते. स्वतःचे पाऊल चुकल्याचे जाणवले की तो आपणहून जीभ सुधारतो.

आता श्वास. एक चरण एका दमात, मग दोन चरण एका दमात, असा सराव आम्ही आधी पाठीवर निजून, पोटावर हात ठेवून करतो, नंतर उभे राहून, आणि शेवटी चालताना करतो. उभे राहण्यासाठी वैष्णव स्थान घेतो. त्यात दोन पावलांमध्ये अडीच ताल, म्हणजे साधारण अडीच वितींचे, अंतर असते, एक पाऊल सरळ, दुसरे तिरपे आणि गुडघा किंचित वाकलेला असतो. उत्तम आणि मध्यम प्रकृतीची पात्रे सहज संभाषण करतात तेव्हा हे स्थान घ्यावे, असे भरताने सांगितले आहे, आणि त्याचे कारण उभे राहिल्याबरोबर कळते. दोन्ही पाय जुळवून ताठ उभे राहिले की दम छातीत वर चढतो. या स्थानात कंबर सैल राहते आणि दम खाली बसतो. नाट्यशास्त्रात आवाजाची तीन स्थाने दिली आहेत: उर, कंठ आणि शिर. जवळच्या माणसाशी बोलताना उरातून, थोड्या अंतरावरच्या माणसाशी कंठातून आणि दूरच्या माणसाला हाक मारताना शिरातून आवाज लावावा, असा तो नियम आहे. ध्वनिक्षेपक आल्यापासून आपल्या नटांचे शिराचे स्थान जवळजवळ बंद पडले आहे आणि उराचा आवाज कुजबुजीत जमा झाला आहे. कोणाशी किती अंतरावरून बोलतो आहोत याचा विचारच होत नाही. म्हणून सभागृहातले ध्वनिक्षेपक मी तालमीच्या अखेरपर्यंत लावू देत नाही.

या सगळ्या तयारीनंतर खरा प्रश्न येतो तो थांबण्याचा. यती वृत्ताची असते, विराम अर्थाचा असतो, आणि दोघांची जागा नेहमी एकच नसते. भरताचे म्हणणे या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: अर्थ पुरा होतो तिथे, प्रसंगाच्या गरजेने विराम घ्यावा, वृत्ताच्या गरजेने घेऊ नये; एक, दोन, तीन किंवा चार अक्षरांनंतरही विराम येऊ शकतो. त्याने दिलेले उदाहरण वसंततिलकेतले आहे. 'किं, गच्छ, मा विश, सुदुर्जन, वारितोऽसि' असा तो चरण, अपराधी प्रियकराला दारातूनच परत पाठवणाऱ्या नायिकेच्या तोंडी शोभेल असा. पहिला विराम एका अक्षरावर, दुसरा दोनांवर, तिसरा तिनांवर आणि चौथा चारांवर पडतो. आतमध्ये वसंततिलकेची चौदा अक्षरे एकही मात्रा न ढळता चालूच राहतात. राग तुटक बोलतो आणि वृत्त अखंड वाहते, आणि त्या दोहोंच्या ताणातून ती स्त्री आपल्यापुढे उभी राहते. हा चरण मी सर्व विद्यार्थ्यांकडून चालत चालत म्हणवून घेते. विरामाच्या जागी आवाज थांबतो, पाऊल मात्र मनातल्या मनात मोजत राहते आणि पुढच्या अक्षराला नेमके पडते. ज्याला हे जमले त्याला संस्कृत नाटकातला कोणताही श्लोक जमू शकतो, असे मी अनुभवाने म्हणते.

कण्वांच्या श्लोकाकडे आता पुन्हा पाहता येईल. पहिल्या चरणात 'आज शकुंतला जाणार' हा विचार 'यास्यत्यद्य शकुन्तलेति' इथे, म्हणजे नवव्या अक्षरावर पूर्ण होतो, पण यती त्यापुढे तीन अक्षरांनी, 'हृदयं' नंतर आहे. मंगलाष्टकाची चाल ही यती घट्ट धरते आणि 'हृदयं' वर लांबलचक थांबते, त्यामुळे जाण्याची बातमी आणि हृदयाची अवस्था एकाच ओघात वाहून जातात. नटाने 'इति' नंतर अगदी अल्प विराम घेतला की 'आज ती जाणार' हे वाक्य आधी स्वतः कण्वांच्याच कानावर पडते आणि मग ते हृदयाला जाऊन भिडते. दुसऱ्या चरणात 'कण्ठः स्तम्भितबाष्पवृत्तिकलुषः' इथे अर्थ आणि यती दोन्ही बाराव्या अक्षरावर एकत्र येतात. अडवलेल्या आसवांनी कंठ दाटला आहे, असे त्या शब्दांत सांगितलेले आहे, आणि इथे बहुतेक विद्यार्थी खरोखरच गळा दाटल्यासारखा आवाज काढतात. मी ते करू देत नाही. 'स्तम्भित' शब्दातली जोडाक्षरे स्पष्ट उच्चारली तर अडण्याचे काम ती स्वतःच करतात, आणि तपस्व्याचा आवाज सावरलेला राहिल्यामुळे त्याच्या दुःखाला वजन येते. चौथ्या चरणात कालिदासाने जे केले आहे त्याचे मला कितीही वेळा ऐकले तरी नवल वाटते. तिथे 'तनयाविश्लेषदुःखैः' असा समास आहे आणि यती बरोबर त्या समासाच्या पोटात, 'तनया' नंतर पडते. मुलगी आणि विरह या दोन शब्दांच्या मध्ये वृत्ताने फट ठेवली आहे. तिथे श्वास घ्यायचा नाही, कारण समास तुटेल. 'तनया' चा अखेरचा आकार धरून ठेवायचा आणि त्याच दमावर 'विश्लेष' म्हणायचे. दम शिल्लक ठेवण्याची सवय नसलेला नट इथे उघडा पडतो.

चालण्याचेही वेगळे गणित आहे. गतीच्या अध्यायात उत्तम पात्राच्या दोन पावलांत चार ताल, मध्यमाच्या दोन ताल आणि अधमाच्या एक ताल असे अंतर दिले आहे, आणि लयही त्याच क्रमाने स्थित, मध्य आणि द्रुत आहे. आजच्या नटाला ही वर्गवारी अडचणीची वाटू शकते, आणि माणसांची अशी प्रतवारी मलाही मान्य नाही. पण व्यवहारात तिचा उपयोग असा की राजा, कंचुकी (अंतःपुराचा म्हातारा अधिकारी) आणि कोळी एकाच रंगमंचावर आले की बोलण्याआधीच त्यांची चाल वेगळी ओळखू येते. शिवाय संस्कृत रंगभूमीवर पडदे आणि देखावे न बदलता नुसती परिक्रमा करून तपोवनातून राजवाड्यात जाता येते, त्यामुळे पात्राची चाल हेच त्या नाटकाचे नेपथ्य असते.

पहिल्या अंकात रथावर असलेला दुष्यंत पळणाऱ्या हरणाचे वर्णन करतो, तो 'ग्रीवाभङ्गाभिरामं' हा श्लोक स्रग्धरेत आहे. सात-सात अक्षरांचे तीन तुकडे, आणि मधल्या तुकड्यात सहा लघू सलग: 'मुहुरनुपतति'. मान वळवून मागे पाहणारे हरीण पहिल्या, गुरूंनी भरलेल्या तुकड्यात थबकल्यासारखे दिसते आणि दुसऱ्या तुकड्यात एकदम पळते. संहितेत रथाचा वेग 'निरूपण' करून दाखवावा अशी सूचना आहे, म्हणजे रथ आणायचा नाही, तो अंगाने दाखवायचा. इथे नटाचे पाय रथाचे असतात, डोळे हरणाचे, आणि आवाज त्या राजाचा, ज्याला शिकारीच्या ऐन भरातही त्या प्राण्याचे सौंदर्य दिसते आहे. सहा लघू आले की नवशिक्याचे खांदेही नाचू लागतात. खांदे स्थिर, नजर एका बिंदूवर आणि पावलांत फक्त सूक्ष्म कंप, हे साधायला बराच काळ लागतो. शकुंतलेचे झाडांना पाणी घालणे, भुंग्याला चुकवणे यांच्या बाबतीतही हीच पद्धत आहे. राघवभट्टाच्या शाकुंतलावरील टीकेत अशा कृतींसाठी हस्ताभिनयाचे तपशील सापडतात, आणि दिग्दर्शकाने ती टीका जवळ ठेवावी असे मी आवर्जून सुचवेन.

अनेक जण इथे विचारतात की ही विद्या जिवंत स्वरूपात केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेत असताना तिथूनच सारे का घेऊ नये. कूडियाट्टमला युनेस्कोने 2001 साली मानवतेच्या मौखिक वारशात स्थान दिले, आणि मल्याळी कवी वल्लत्तोळ यांनी 1930 मध्ये स्थापन केलेल्या केरळ कलामंडलम् मध्ये 1965 पासून पैंकुळम् राम चाक्यार यांच्या मार्गदर्शनाखाली ही कला मंदिरांबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शिकता येऊ लागली. तिथे श्लोक म्हणण्याचे मुड्डन, इंदळम्, आर्तन्, तर्कन् असे ठरलेले स्वर आहेत, आणि कोणत्या पात्राने कोणत्या भावात कोणता स्वर लावायचा हे परंपरेने निश्चित केलेले आहे. श्लोक आधी मुद्रांसह म्हटला जातो, मग शब्दांशिवाय केवळ हातांनी आणि डोळ्यांनी विस्ताराने उलगडला जातो, आणि मग पुन्हा म्हटला जातो. एका अंकाला कित्येक रात्री लागू शकतात. हे पाहणे प्रत्येक संस्कृत नटाला आवश्यक आहे. पण एखाद्या छोट्या शिबिरातून दहा-बारा मुद्रा उचलून त्या आपल्या प्रयोगावर चिकटवण्याची जी प्रथा पडत चालली आहे, ती मला मुळीच पटत नाही. चाक्यारांचे, म्हणजे कूडियाट्टमच्या परंपरागत नटांचे, डोळे बोलतात त्यामागे बालपणापासूनचा पहाटेचा नेत्राभ्यास असतो, आणि हातांमागे मिळाव या वाद्याशी बांधलेला श्वास असतो. तो श्वास न आणता केवळ हात आणले तर त्या परंपरेचा अवमान होतो आणि आपल्या प्रयोगालाही काही मिळत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखे काही असेल तर ते म्हणजे एका श्लोकाला द्यायचा वेळ. माझ्या तालमींत एक श्लोक आधी शब्दांसह, मग मुकाट्याने केवळ शरीराने आणि मग पुन्हा शब्दांसह करण्याचा क्रम मी तिथूनच घेतला आहे. मधल्या मुक्या फेरीनंतर तोच श्लोक वेगळ्याच आवाजात येतो.

प्राकृताबद्दल थोडक्यात. शकुंतला, तिच्या सख्या आणि विदूषक शौरसेनीत बोलतात, गाणी मात्र महाराष्ट्रीत आहेत, आणि बऱ्याच प्रयोगांत सोयीसाठी हे सगळे संस्कृतात बदलून टाकतात. तसे करू नये. नटीच्या आणि हंसपदिकेच्या गीतांतली महाराष्ट्री आपल्या मुलांच्या तोंडात संस्कृतापेक्षा सहज बसते, आणि संस्कृत श्लोकानंतर ऐकू आलेले प्राकृत गद्य कानाला जो विसावा देते तो नाटककाराने योजलेला आहे.

सध्या आम्ही 'ऊरुभंग' हाती घेतले आहे. टी. गणपती शास्त्री यांनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून जी तेरा नाटके भासाच्या नावाने प्रसिद्ध केली, त्यांतले हे एक. या नाटकाने माझ्या सगळ्या पद्धतीला आव्हान दिले आहे, कारण त्यातला दुर्योधन दोन्ही मांड्या मोडलेल्या अवस्थेत प्रवेश करतो. त्याला पायच नाहीत, आणि मी तर वृत्त पायांत बसवते. त्यावर आम्ही असा मार्ग काढला आहे की ही भूमिका करणाऱ्या मुलाने त्याचे सर्व श्लोक आधी धडधाकट दुर्योधन म्हणून, गदा घेऊन, चार तालांच्या पावलांनी चालत पाठ करायचे. ते पक्के झाल्यावर त्याला जमिनीवर आणायचे आणि तीच लघु-गुरूंची पावले दोन तळहातांवर घ्यायला लावायची: गुरूला पूर्ण तळहात, लघूला फक्त बोटे. हातांवर भार आला की दम तोकडा पडतो आणि विराम आपोआप वृत्ताच्या जागा सोडून शरीराच्या गरजेप्रमाणे पडू लागतात, आणि अशा वेळी अर्थाचा विराम कोणता आणि थकव्याचा कोणता हे नटाला निवडावे लागते. छोटा दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो त्या प्रसंगात तर दुर्योधनाला एका हाताने मुलाला अडवायचे आहे, म्हणजे भार उरलेल्या एकाच हातावर येणार. त्या ठिकाणी आवाज उरातून लावावा की कंठातून, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. मूल अगदी जवळ असल्यामुळे शास्त्राप्रमाणे उराचा आवाज हवा. पण एका हातावर तोललेल्या छातीतून तो नीट निघत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात त्या मुलाला कुशीवर टेकवून पाहणार आहोत.